तू काही यायची नाहीस

माणसांबद्दल इतके वाईट अंदाज बांधून त्यांच्याकडून इतकी चांगली कामं करून घेणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या दिल्लीत सापडायचा नाही. लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे काका ज्याला त्याला तोंडावर सांगत की तुझ्याकडून काही होणार नाही. नळ गळू लागला की प्लंबरला फोन, "भैया, आज तो आप आओगे नहीं," आणि तो दातओठ खात तासाभरात हजर. दर जानेवारीत काका पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला, बस न्यायचे. त्याचं आमंत्रणही असंच. "तू काही यायची नाहीस. थंडीत तुझी रजई सुटते होय?" असा संताप आला मला! तीन स्वेटर चढवून, धुक्यात चाचपडत, मी सगळ्यांच्या आधी बसपाशी जाऊन उभी राहिले. बघते तर मागून निम्मी कॉलनी, माझ्यासारखीच चिडलेली. "अरे यार, अंदाज बिल्कुल चुकला माझा," असं काका कपाळाला हात लावून पुटपुटत होते. काकांनी आणलेले तिळाचे लाडू मात्र सगळ्यांना पुरून उरले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पण पेटून उपयोग काय? पुढच्या वर्षी त्यांनी तेच म्हटलं आणि सगळं ठाऊक असूनही मी तितकीच भडकले.

मग काका निवृत्त झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून क्वार्टर सोडून ते ग्रेटर नोएडाला मुलाकडे निघाले. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा मी हाताची घडी घालून त्यांच्यासमोर उभीच राहिले. 'तू काही भेटायला यायची नाहीस' असं ते म्हणणार, आणि मी ताडकन म्हणणार, 'बघाच!' उत्तर अगदी ओठांवर होतं. काका ट्रककडे बघत नुसतं म्हणाले, "येशील ना गं?" त्यांचा इतका राग मला कधीच आला नव्हता. साऱ्या कॉलनीची नाडी ओळखणाऱ्या माणसाने माझ्याबद्दल शंका घ्यावी?

आता महिन्यातून एक रविवार मी मेट्रो बदलत बदलत त्यांच्याकडे जाते. "एवढ्या लांब कशाला?" असं घरचे विचारतात, मी कुणाचं ऐकत नाही. परत निघताना लिफ्टपाशी मीच काकांना दटावते, "म्हणा." ते हसतात. "तू काही पुढच्या महिन्यात यायची नाहीस," म्हणतात. पण आवाजात पूर्वीचा ठसका नसतो, आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत ते तिथून हलत नाहीत.