वाळ्याचे चाळीस दिवस

श्यामकांतइतका सज्जन आणि तितकाच हट्टी माणूस आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात दुसरा नव्हता. सरकारी प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडून त्र्याण्णव साली तो गुडगावच्या एका नव्या कंपनीत गेला. क्वार्टर गेलं, दिल्लीच्याच द्वारकेत भाड्याचं घर आलं. चंद्रप्रभावहिनींनी सामान बांधलं.

कारण एकच, वाळ्याचं तेल. कूलरच्या गवताला लावलं की त्याचा वास दोन दिवसांत उडून जातो. श्यामकांतने तेलाच्या बारीक बारीक थेंबांभोवती डिंक आणि जिलेटिनचं कवच चढवलं. ती भुकटी गवतावर चिकटवायची. पाणी लागलं की कवच जरा जरा सैल होतं आणि वास चाळीस दिवस पुरतो, असं त्याचं म्हणणं. तीन वर्षं तो याच्याच मागे होता. मालकाला नमुना पटला तर ठीक, नाही तर नोकरी संपली.

नमुना दाखवायच्या आदल्या दिवशी पठ्ठ्याने काय करावं? कवचाबाहेर राहिलेलं तेल म्हणजे कच्चं काम, म्हणून ते तीन-तीनदा धुऊन काढलं! मालकाने पुडी उघडून हुंगली.

"इसमें तो खुशबू ही नहीं है, यार!"

खरं तर कवच पक्कं असल्याचीच ही खूण. समोर पाण्याचा ग्लास होता. चार थेंब शिंपडले असते तरी भागलं असतं. पण अपमान झाला की याची दातखीळ बसते. "अच्छा," म्हणून हा उठून आला. ऐकून मी इतका चिडलो की त्याला चहासुद्धा विचारला नाही. पुडी मात्र ठेवून घेतली आणि भुकटी माझ्या कूलरला लावली.

नोकरी गेली. दोन बस बदलून तो रोज माझ्याकडे यायचा आणि कूलरसमोर बसायचा. "दिनकर, आहे ना रे अजून?" एवढंच विचारायचा.

चाळिसाव्या दिवशीही वास होता. त्याचे डोळे भरून आले, माझेही. "थांब, तुझ्या मालकाला आत्ताच सांगतो," म्हणत मी आतल्या खोलीत जाऊन फोन लावला.

मालकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"भाईसाहब, मैं मानता हूँ. लेकिन माल पहले दिन बिकता है, चालीसवें दिन नहीं."

बाहेर आलो. श्यामकांत दारातच उभा होता.

"काय म्हणाले?"

"फोनच लागत नाही रे," मी म्हणालो.