बरबादोसची दोनाची नोट

जवळच्याच बबीन्याच्या छावणीतून फोन आला तेव्हा मी कढीला फोडणी देत होते. पलीकडून मीनू बोलत होती, पण तिचे शब्दच जुळत नव्हते. "चाचीजी, चाचाजी... चाय पी रहे थे... बस, बैठे-बैठे..." एवढंच परत परत म्हणत होती. माझे धाकटे दीर, विनायकभावजी, त्याच सकाळच्या बसने तिच्याकडे गेले होते. धडधाकट, गुळगुळीत दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. डॉक्टर येऊन गेले, आता काही उरलं नाही, असं तिने कसंबसं सांगितलं. आणि अशा वेळी माझ्या तोंडून काय निघावं? मी विचारलं, "नोट माँगी क्या उन्होंने?" ती रडायची थांबली. "कौन सी नोट, चाचीजी?" म्हणाली. मी फोन ठेवला, गॅस बंद केला, आणि ह्यांना हाक मारून काय झालं ते सांगायचं सोडून कढी पातेल्यातून पातेल्यात ओतत उभी राहिले. इतके आठवडे झाले, अजून मला खरं वाटत नाही. संध्याकाळी फाटक वाजलं की मी एक कप चहा जास्तीचा टाकते.

मी सांगलीची. लग्न होऊन झाशीला आले तेव्हा या घरातलं मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. विनायकभावजी मला 'वहिनीजी' म्हणायचे. वहिनीला 'जी' लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. "वहिनीजी, जरा खिडकी खोलून द्या," असलं त्यांचं मराठी. मी चिडवायचे, ते आणखी मुद्दाम बोलायचे. लग्न त्यांनी केलं नाही, का ते कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही खोदून विचारलं नाही. स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत नोकरी. खजुराहोला जाणारे परदेशी प्रवासी झाशीला उतरतात, त्यांतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला त्यांनी एकदा सामानासकट योग्य बसमध्ये बसवून दिलं. त्या बाईने आठवण म्हणून हातात एक निळी नोट ठेवली. बार्बाडोसची, दोन डॉलरची. बँकेने ती बदलून द्यायला नकार दिला आणि तिथून या माणसाला वेड लागलं.

शेजारचे रामसेवकजी नोट उलटसुलट करून म्हणाले होते, "अरे भैया, ई के तो नाम में ई बरबादी धरी!" तेव्हापासून त्या देशाचं नाव आमच्या गल्लीत बरबादोस पडलं आणि भावजींनीही ते खुशाल उचललं. जग एवढं मोठं, पण त्यांना दुसऱ्या कुठल्या देशाच्या नोटा नको होत्या. दिल्लीच्या एका दुकानदाराकडून टपालाने मागवायचे, कुणाशी अदलाबदल करायचे. नवी नोट आली की आधी खिडकीशी जायचं. उजेडात धरली की कागदात त्या चिमुकल्या बेटाचा नकाशा दिसायचा. तो दिसला की, "आ गया बेटा!" मग भिंग काढून सही बघायची. चित्र तेच, रंग तोच, पण खालची सही बदलली की त्यांच्या लेखी नोटच वेगळी. पाचाच्या नोटेवर तिकडच्या क्रिकेटचा कप्तान होता, त्याच्यावर त्यांचा भारी जीव. दोनाच्या नोटेवर उसाचा अभ्यास करणारे कुणी साहेब होते. "वहिनीजी, तुमच्या सांगलीकडचे वाटतात," असं मला ऐकवायचे.

झाशीच्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या अल्बमला घाम सुटतो, नोटा चिकटतात, म्हणून त्यांनी आपली सोय काढली. लग्नात शगुन द्यायचे लाल-सोनेरी लिफाफे असतात ना, त्यांत एकेक नोट ठेवायची. कागद कोरडा, माप बरोबर, आणि बाजारात कुठेही मिळतात. मी म्हटलंही होतं की घरातले आहेराचे लिफाफे त्याच ड्रॉवरमध्ये ठेवू नका. पण ऐकतील तर ते विनायकभावजी कसले! मीनूच्या लग्नात व्हायचं तेच झालं. मीनू त्यांच्या ऑफिसातल्या तिवारीजींची मुलगी, भावजींच्या खांद्यावर बसून मेळा बघितलेली. लग्नाहून आले, पाहुण्यांना आपली पहिली नोट दाखवायला लिफाफा उघडला, तर आत शंभराची कोरी करकरीत नोट! नोटांची नस अन् नस ओळखणारा हा माणूस, आणि चुकला कुठे, तर लिफाफ्यात. मी हसून हसून खाली बसले. ते मात्र पलंगावर टेकले आणि म्हणाले, "वहिनीजी, बरबाद हो गए."

परत मागावी ना! मी म्हटलं, मी जाते, मी मागते. तर त्यांनी मला गळ्याची शपथ घातली. मुलीला मांडवात दिलेला आहेर परत कसा मागायचा? तिच्या सासरचे काय म्हणतील? पुढे त्यांनी दोनाच्या दुसऱ्या नोटा मिळवल्या, त्यांच्यावर इतर सह्या होत्या. पण त्या बाईने हातात ठेवलेली ती पहिली, मधोमध घडी असलेली, तिची जागा कुणी घेतली नाही. तिचा लिफाफा ड्रॉवरमध्ये सगळ्यांत वर, रिकामा, तसाच राहिला. वर्षं गेली, ते निवृत्त झाले, आणि मग कळलं की मीनूच्या फौजी नवऱ्याची बदली झाली, बबीन्याचं बिऱ्हाड हलणार, पार आसामला. भावजी रात्रभर तळमळले असावेत. सकाळी म्हणाले, "आज मागूनच येतो, वहिनीजी. जे व्हायचं ते होवो." ड्रॉवरमधून एक लिफाफा काढून खिशात घातला. रिकाम्या हाताने कसं जाणार! मी फाटकातून ओरडले, "भावजी, या वेळी आत काय आहे ते बघून घ्या!" ते हसले, हात हलवला... आणि गेले.

तेरवीनंतर मीनू आली. सामानाचा ट्रक निघायच्या आधी मुद्दाम आली होती. पाणीसुद्धा न घेता तिने सांगायला सुरुवात केली. "आपने फोन पर नोट का पूछा था न, चाचीजी... मुझे बाद में ध्यान आया." ती नोट तिच्या देवघरात होती. लक्ष्मीच्या पायाशी. सासूबाई आल्यागेल्याला दाखवायच्या की असा शगुन आमच्या खानदानात कुणाच्या माहेरून आला नाही, आणि दर दिवाळीला त्या उसवाल्या साहेबांच्या कपाळाला रोळीचा, म्हणजे कुंकवाचा, टिळा लावायच्या. मीनूने ती कौतुकाने चाचाजींच्या हातात दिली. त्यांनी टिळ्याकडे पाहिलं, उठून खिडकीशी गेले, उजेडात धरली, बराच वेळ धरली. मग म्हणाले, "असली है बेटा. सँभाल के रखना." खुर्चीत येऊन बसले, चहाचा कप उचलला, आणि कप कलंडला.

मागितली नाही त्यांनी. ते ऐकून माझा जो बांध फुटला तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा फुटला. मीनू पर्समधून नोट काढून पुढे करत होती. मला दिसत होती ती, निळी, टिळ्यांनी लाल झालेली. "आप रख लीजिए, चाचीजी. उन्हीं की है." माझा हात पुढे झालाही होता. पण मग मला त्यांच्या खिशातला लिफाफा आठवला. बबीन्याहून त्यांच्या कपड्यांबरोबर आला होता, उघडायची हिंमत मला झाली नव्हती. त्यावर त्यांच्या अक्षरात मीनूचं नाव होतं. मी तो तिला दिला, तिने उघडला. आत पाचाची नोट होती. कप्तानाची. त्यांच्याजवळ ती एकच होती. बदल्यात द्यायला म्हणून आपली सगळ्यांत लाडकी नोट घेऊन गेले होते ते, नीट बघून.

मी दोन्ही नोटा मीनूच्या पर्समध्ये ठेवल्या, लिफाफा तेवढा ठेवून घेतला, आणि पर्सची चेन लावली. आता त्या आसामात लक्ष्मीच्या पायाशी असतील, दोघांच्याही कपाळाला टिळा. इथे ड्रॉवरमध्ये आता दोन लिफाफे रिकामे आहेत. परवा रामसेवकजींच्या नातवाचं लग्न होतं. मी आहेराचा लिफाफा घेतला, दारापर्यंत गेले, मागे आले, उघडला, आतली नोट खिडकीशी उजेडात धरली. आपलीच होती.

"बघितलं हो, भावजी," मी म्हणाले, आणि चपला घातल्या.