थांबलेल्या गाड्यांचा रकाना

नोटीस खांबाला तारेने करकचून बांधली होती आणि तिच्याभोवती साठ माणसं गोळा झाली होती. मोठ्याने वाचत होती एकटी घासूमावशी.

"'सदर भूखंड सद्यःस्थितीत रिकामा असून...'"

एवढं वाचून तिने मागे वळून भूखंडाकडे बघितलं. भिंतीच्या कडेने रंगारी उकिडवे बसले होते. फरशीवाले आपापल्या हत्यारांच्या पिशव्यांवर टेकले होते. सुतार करवती कापडात गुंडाळून उभे होते. वीटकामाच्या बाया घमेली उलटी टाकून त्यावर बसल्या होत्या. रोज सकाळी सातला असंच असतं.

"रिकामा?" म्हातारा प्लंबर म्हणाला. कुठलीही गळती दिसली की न बघताच "वायसर गेलाय" म्हणायची त्याची सवय, म्हणून त्याचं नावच वायसर पडलं होतं. "मग आपण कोण? भुतं?"

"भुतं असतो तर बरं होतं, दादा," मावशी म्हणाली. "निदान घाबरले तरी असते."

लोक हसले. मावशी हसली नाही. तिने पुढचं वाचलं. रिकाम्या भूखंडावर घरदुरुस्ती आणि सजावटीचं भव्य दालन उभं राहणार होतं. नळापासून दारापर्यंत सगळं एका छपराखाली. दोनशे गाड्यांचं पार्किंग. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

भिंत घासायचं काम करते म्हणून ती घासूमावशी. पण चौकात सांगतात की माणसंही ती तशीच घासते, खरखरीत कागदाने, पाणी न लावता. बावीस वर्षांपूर्वी तिचा रंगारी नवरा परगावी काम लागलंय म्हणून गेला तो गेलाच. जाताना भिंतीवर पुट्टी ओढायचा पत्रा मात्र विसरला. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. मावशीने आठ दिवस वाट बघितली, नवव्या दिवशी पत्रा उचलला, मुलाला शेजारणीकडे टाकलं आणि या चौकात येऊन पुरुषांच्या रांगेत उभी राहिली. कुणी म्हणालं, बाईमाणसाने घमेलं उचलावं, पत्रा कशाला? ती म्हणाली, "पत्र्याला विचार, त्याला चालतंय का." वाचायला ती शाळेत शिकली नाही, रंगाच्या डब्यांवर शिकली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचलेले शब्द होते, 'हलवून वापरा'.

आणि वाचता येत होतं म्हणूनच त्या सकाळी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण नोटिशीच्या तळाला, बारीक अक्षरांत, जागा निवडीचं कारण दिलं होतं. 'सकाळी सात ते दहा या वेळेत सदर चौकात थांबणाऱ्या वाहनांची संख्या शहरात सर्वाधिक, रोज सरासरी तीनशे ऐंशी.'

तीनशे ऐंशी. हा आकडा तिने स्वतः मोजला होता.

पाच महिन्यांपूर्वी कामं थंड होती. एक टोपीवाला सर्व्हेचा माणूस चौकात आला आणि विचारू लागला, आकडे लिहिता येणारं कुणी आहे का? तीन सकाळी खुर्चीत बसून गाड्या मोजायच्या. मावशी पुढे झाली. खुर्चीत बसून काम! आयुष्यात पहिल्यांदा. कागदावर दोन रकाने होते. जाणाऱ्या गाड्या, थांबणाऱ्या गाड्या. प्रत्येक गाडीला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. मावशीने एक रेघ चुकवली नाही. लघवीलासुद्धा उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने टोपीवाल्याला सांगितलंही होतं. "साहेब, या थांबतात त्या आमच्यासाठी हं. ठेकेदार येतात, घरमालक येतात, माणूस उचलतात आणि जातात. तसं लिहू का बाजूला?"

"मावशी, तुम्ही फक्त रेघा मारा. कारणाला रकाना नाही."

तेव्हा तिला ते शहाणपणाचं वाटलं होतं. घरी जाऊन तिने सुनेला फुशारकीने सांगितलंही, आपल्या चौकाइतक्या गाड्या शहरात कुठे थांबत नाहीत म्हणून. आता कळलं. अशी दालनं जागा कशी निवडतात? जिथे गाडी आपोआप हळू होते तिथे. गाडी का हळू होते, हे विचारायची गरज नाही. ज्यांच्यामुळे होते त्यांना आधी हाकलायचं, मग त्यांच्याच गाड्या आपल्या दारात वळवायच्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. आणि बीळ कुठे आहे हे रेघा मारून दाखवलं कुणी? मावशीने. हात दाखवून अवलक्षण.

घरी वेगळंच वातावरण होतं. एका खोलीला पडदा लावून दोन केलेल्या घरात सून आरशासमोर उभी राहून अर्जासाठी फोटो काढत होती. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. बाकीचे सव्वीस दिवस या दोघी एकमेकींच्या तोंडाला.

"आई, त्या नव्या दालनात मुली घेणार आहेत. गल्ल्यावर. पंखे आहेत, स्टूल देतात."

"स्टूल देत नाहीत, बावळट. आठ तास उभं ठेवतात आणि वर हसायला लावतात."

"तुम्ही पण उभ्याच राहता की चौकात. न हसता."

"माझी जागा घेतायत ते!"

"आणि मला जागा मिळतेय." सुनेने फोटो पुसला आणि पुन्हा काढला. "बावीस वर्षं तुम्ही धूळ खाल्लीत. मीही खाऊ का?"

मावशीने पातेलं आपटलं.

हरकतींच्या सुनावणीला ती सरळ कामावरून गेली, केसांत पुट्टीची पांढरी भुकटी तशीच. सोबत वायसर. टेबलामागे साहेब, साहेबांच्या शेजारी कंपनीचा माणूस. गोड आवाजाचा, स्वच्छ बुटांचा, प्रत्येक वाक्यापूर्वी "मी तुमची भावना समजतो" म्हणणारा.

"बाई, तुमची तिथे मालकी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"मालकी नाही. हजेरी आहे."

"हजेरीला कायद्यात काही अर्थ नाही."

"मग तुम्ही रोज सही कशावर करता?"

वायसर खोकल्याच्या निमित्ताने हसला. साहेबांनी चष्मा काढला. "मुद्द्यावर या."

"मुद्दा एकच. तो तीनशे ऐंशीचा आकडा माझ्या हातचा आहे. त्या गाड्या आमच्यासाठी थांबतात. आम्ही नसलो तर तिथे कुत्रंही थांबणार नाही. खोटं वाटत असेल तर पुन्हा मोजा."

कंपनीचा माणूस मनापासून हसला. "मी तुमची भावना समजतो. पण लोकेशन ही शास्त्रीय गोष्ट असते."

"मग शास्त्राला घाबरायचं काय? मोजा की!"

बाहेर अजून बारा हरकतवाले ताटकळत होते. ही बाई उठावी म्हणून साहेबांनी कागदावर खरडलं, 'तीन दिवस फेरमोजणी करावी.' पुन्हा मोजून आकडा थोडाच बदलतो, असं त्यांना वाटलं असणार.

मग मावशी चौकात उभी राहिली आणि तिने साठ माणसांना घासलं. तीन दिवस इथे कुणी यायचं नाही. अर्ध्या कोसावर ट्रक तोलायचा बंद पडलेला वजनकाटा आहे, तिथे उभं राहायचं. ठेकेदारांना फोन करायचे, जुन्या घरमालकांना निरोप द्यायचे.

"आणि गाड्या आल्याच नाहीत तिकडे तर?" एक सुतार म्हणाला. "तीन दिवसांची मजुरी तू देणार?"

"नाही देणार. माझी पण बुडेल. पण ही जागा गेली तर तू काय, त्या पार्किंगमध्ये गाड्या मोजणार? ते काम मी करून बसलेय. बघ काय झालं."

"तुझ्या रागावर आमची चूल कशी पेटवायची, मावशी?"

"राग माझा आहे. पेटवायची अक्कल तुझी वापर."

पहिल्या दिवशी नऊ जण कुरकुरत जुन्या जागीच आले. मावशीने स्वतः जाऊन त्यांना एकेकाला दंडाला धरून नेलं. साठ माणसं वजनकाट्यावर उभी राहिली आणि पाठोपाठ गाड्या आल्या. टेम्पो, मोटारसायकली, ठेकेदारांच्या जीपा. कारण गळणारा नळ, फुगलेलं दार, उखडलेली फरशी यांना चौक लागत नाही, माणूस लागतो.

इकडे टोपीवाला त्याच चौकात, त्याच खुर्चीत बसला होता. तीन दिवसांची सरासरी आली एकेचाळीस. त्यातल्याही कितीतरी जणांनी काच खाली करून त्यालाच विचारलं, "अहो, इथली माणसं कुठे गेली?" बिचाऱ्याच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

आठवडाभरात कंपनीचा माणूस वजनकाट्यावर हजर. बुटांवर धूळ. आता तो "भावना" म्हणाला नाही. म्हणाला, "तुम्ही परत चौकात या. दालन होईल, पण तुम्हीही राहा. दारासमोर रस्त्यालगत वीस फुटांची पट्टी सोडतो. वर पत्रा, पाण्याचा नळ, संडास. आमचं गिऱ्हाईक सामान घेईल, तुमच्यातला माणूस घेऊन जाईल. दोघांचं भलं."

साठ माणसांमध्ये कुजबुज झाली. वायसरचे गुडघे गेली चार वर्षं दुखत होते. पत्रा आणि संडास ऐकून त्याचे डोळेच भरले. "घे, मावशी. हो म्हण. ताणू नको."

"हो म्हणते," मावशी म्हणाली. "पण तोंडी नाही. नकाशावर आखून आणा."

नकाशा आणायला त्याला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत घरात सून बोलली नाही. दालनाची भरती थांबली होती, आणि का थांबली होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. जेवण वाढायची आणि पडद्यापलीकडे जायची. मावशी ताटाशी बोलायची, "मला काय हौस आहे?" ताट गप्प. एकदाच पडद्यामागून आवाज आला, "तुमचं भांडण खरं आहे, आई. पण त्यात मी पण आहे, एवढं लक्षात असू द्या." मावशी रात्रभर तळमळली नाही, ती तसल्या जातीची नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तिने भिंत इतकी घासली की मालक म्हणाला, बाई, विटा दिसतील आता.

सह्या साहेबांच्या टेबलावर झाल्या. नकाशाच्या चार प्रती. मावशीने चष्मा नसताना हात लांब करून वाचायला घेतलं. दालन, पार्किंग, फाटक. फाटकासमोर, रस्त्यालगत, वीस फुटांची पट्टी. 'रिकामा' शब्द गेला होता. त्या जागी लिहिलं होतं, 'मजुरांची उभे राहण्याची जागा (तात्पुरती)'.

"हे कंसातलं काय आहे?"

"ती पद्धत असते," कंपनीचा माणूस घाईने म्हणाला.

"बावीस वर्षं झाली मला. वायसरला एकतीस. अजून तात्पुरते?"

"अगं मावशी!" वायसरने कपाळाला हात लावला. "पत्रा मिळतोय, संडास मिळतोय. एका शब्दासाठी घालवतेस काय सगळं? सुनेचा तरी विचार कर."

सुनेचं नाव निघाल्यावर मावशीने नकाशा जवळ ओढला. मग नकाशावर बोट ठेवून तिने कंपनीच्या माणसाला विचारलं, "ही जमीन तुम्ही विकत घेतली?"

"नाही. भाडेपट्ट्याने. पंधरा वर्षांच्या."

"पंधरा!" मावशीने साहेबांकडे बघितलं. "मग यांच्यापुढे पण लिहा की. भव्य दालन, कंसात तात्पुरतं."

वायसर आधी हसला. मग दाराशी उभा शिपाई हसला. कंपनीच्या माणसाच्या ओठांचा कोपरा हलला. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि कंसातला शब्द खोडला. पहिल्या प्रतीवर, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. मग नकाशा तिच्यापुढे सरकवला. "झालं समाधान? करा सही."

मावशीने पेन हातात घेतलं नाही.

"आधी तुम्ही करा. खोडलंय तिथे, शब्दाच्या शेजारी, चारही ठिकाणी. नुसतं खोडलेलं पुन्हा लिहिता येतं."