पांढुर्ण्याला ठेवलेली गिटार

आईला तिच्या वडिलांची गिटार मागायला जायचं होतं, म्हणून आम्ही पांढुर्ण्याला गेलो. स्वातंत्र्याच्या सुमारास सामान विकून मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून आजोबांनी ती घेतली होती. छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी भोपाळला गेली आणि सचिवालयातल्या इतर कारकुनांबरोबर आजोबाही गेले. तिथे एकच खोली मिळणार होती. गिटार त्यांनी पांढुर्ण्याच्या एका शिक्षक मित्राकडे ठेवली, मोठं घर मिळालं की न्यायची म्हणून. घर मिळण्याआधीच आजोबा वारले. आई तेव्हा लहान शाळकरी मुलगी होती. त्यांची म्हणावी अशी एकही वस्तू तिच्याकडे नाही.

त्या मित्राचे चिरंजीव लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवतात आणि जुनी तंतुवाद्यं जपतात, हे मला एका लग्नात कळलं. आजोबांचं नाव सांगून फोन केला, तर म्हणाले, "या ना. सगळं पाहून घ्या." गिटारीचं मी काढलंच नाही. इतक्या वर्षांनी दुसऱ्याच्या घरातली वस्तू मागायची कशी?

पांढुर्ण्याला नागपूरहून रेल्वे आहे, पण आम्ही गाडीने सावनेरवरून गेलो. रस्ता चांगला आहे. बोरगाव मागे पडलं की संत्र्याच्या बागा सोबतीला येतात. सौंसरला वीस रुपयांत बशीभर तर्री-पोहे मिळाले. तर्री झणझणीत असते, बेताने मागा. पुढे जामसांवलीला निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं. शनिवारी आणि मंगळवारी फार गर्दी असते, ते दिवस टाळावेत. आई बराच वेळ हात जोडून उभी होती.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"मागायचं पांढुर्ण्याला आहे. इथे नुसता सराव केला."

त्या चिरंजीवांना मी काका म्हणू लागले. त्यांच्या माडीवरच्या खोलीत भिंतभर वाद्यं टांगलेली होती. सतारी, दिलरुबे, मेंडोलिनं, गिटारी. प्रत्येकीला काकूंनी जुन्या लुगड्यांची खोळ शिवलेली. निम्मी वाद्यं घरची. बाकीची भोपाळला, मुंबईला बदलून गेलेल्यांनी ठेवायला दिलेली.

"मी लग्न होऊन आली तवा आमाले खाट नव्हती, पण सतारीले गादी होती," काकू म्हणाल्या.

"सतार उलटून बोलत नाही ना," काका म्हणाले.

मग त्यांनी आजोबांची गिटार काढली. लहान अंगाची, तपकिरी, पॉलिशला बारीक तडे गेलेली. कॉलेजात मी थोडी गिटार शिकले होते. मांडीवर धरल्यावर वर असायला हव्यात त्या जाड तारा खालच्या बाजूला दिसल्या तेव्हा राहवलं नाही.

"काका, या उलट्या लागल्यात का?"

"उलट्याच हायत. तुमचे आजोबा डाव्या हातानं वाजवत. बाबानं सांगून ठेवलं होतं, तार तुटली का तशीच लावायची. तो आला तर त्याले वाजवता आली पाहिजे."

"तुम्हाला येते अशी वाजवता?"

"छे. सुरात लावतो, एकदा छेडतो, अन् दांडी वाकू नये म्हणून ढिल्या करून ठेवतो. तेवढंच करून राहिलो इतकी वर्षं."

आई खुर्चीवर बसली. "पण माझे बाबा लिहायचे उजव्या हाताने."

"लिवायले शाळेत मारून शिकवत, ताई. वाजवायले कोण मारते?"

आईने गिटारीवर हात ठेवला. "भाऊ, मी..." म्हणून ती अडली.

"न्यायलेच आल्या ना तुम्ही?"

"तुम्ही दोन पिढ्या सांभाळलीत. मागायला जीभ रेटत नाही."

"काऊन? बाबा शेवटपर्यंत वाट पाहून राहिले होते. इतक्या वाद्यांतून एकाचंही माणूस आलं नाही. तुम्ही पहिल्या. आता रिकाम्या हातानं गेल्या तर आमचं सांभाळणं फुकट जाईल."

काकूंनी गिटारीला नवी खोळ घातली आणि आईची ओटी भरली. घरात नारळ नव्हता, म्हणून तांदळावर दोन संत्री ठेवली. आम्ही जिना उतरताना काका रिकाम्या खुंटीकडे बघत काकूंना म्हणाले, "इथं आता काही टांगू नको."

आता गिटार नागपूरला आईच्या खोलीत आहे. आम्हा दोघींनाही ती वाजवता येत नाही. आई पूर्वी आजोबांबद्दल सांगायची ते भोपाळच्या त्या एका खोलीपासून, आणि तिथेच संपवायची. परवा शेजारणीने खोळीत काय आहे असं विचारलं.

"माझे वडील डाव्या हाताने गिटार वाजवायचे," आई म्हणाली, आणि तिला बसायला खुर्ची पुढे केली.