सहा आठवडे फोन करू नये

गावातलं कोण कसं बसतं हे व्हर्लीन हॅस्केटला त्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक होतं. बँकेचा मॅनेजर सगळा भार डावीकडे टाकतो आणि पाद्र्याची बायको सोफ्याच्या काठावरच टेकते, हे तिला त्यांच्या सोफ्यांनी सांगितलं होतं. ॲबिलीन शहरापासून तासाभरावरच्या त्या गावात, जुन्या पेंडीच्या दुकानाच्या जागेत, गेली एकतीस वर्षं ती सोफे उसवायची, भरायची आणि नवं कापड चढवून परत पाठवायची.

तिचे नियम दोनच. पहिला असा, की चांगलं काम म्हणजे काम झालंय हे कुणाला कळताच कामा नये. दुसरा नियम कार्डावर छापलेला असे आणि ते कार्ड ती प्रत्येक सोफ्याच्या पोटाला टाचून देई: ‘नवी गादी सहा आठवडे बसू द्या. तोवर फोन करू नये.’

याला कारण होतं. तिसऱ्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाईक फोन करतंच. गादी कडक आहे, उंच आहे, एक बाजू वर वाटते. फोमला माणसाची सवय व्हायला वेळ लागतो, पण हे माणसाला सांगायचं कुणी? ऑर्व्हिल टॅकेट या एक्क्याऐंशी वर्षांच्या निवृत्त पोस्टमास्तराने एकदा पाचव्या दिवशी फोन केला, तर व्हर्लीनने त्याला सोफा उलटा करायला लावून कार्ड मोठ्याने वाचायला लावलं होतं. दोनदा.

तर अशी ही बाई सत्तावन्नाव्या वर्षी आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहिली आणि सवयीप्रमाणे स्वतःच्या छातीची तपासणी करू लागली. तीन पोरं अंगावर प्यायलेली. एक नवरा येऊन गेलेला. आतलं भरण ओसरलेलं आणि वरचं कापड सैल पडलेलं. नुसतं भरून भागणार नव्हतं, भरलं तरी खालीच लोंबलं असतं. नुसतं कापड ताणूनही भागणार नव्हतं, वरची बाजू रिकामी ती रिकामीच राहिली असती. दोन्ही हवं होतं, आणि एकदमच हवं होतं.

“एकदमच का?” समोरच्या घरात राहणारी धाकटी बहीण ट्विला म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढल्यामुळे ती प्रत्येक प्रश्न चारशे मुलांना ऐकू जाईल असा विचारायची.

“हळू बोल गं! एकदा ऑपरेशन म्हणजे सहा आठवडे हात वर करायचे नाहीत, काही उचलायचं नाही. दोनदा केलं तर बारा आठवडे. एवढे दिवस दुकान कोण बघणार? तू?”

“मी बघीन की.”

“म्हणून तर एकदमच.”

पहिल्या डॉक्टरने सांगितलं, आधी छाती उचलून घेऊ, सहा महिन्यांनी इम्प्लांट घालू. “मी एकच सोफा दोनदा उसवत नाही,” असं म्हणून व्हर्लीन पर्स उचलून बाहेर पडली.

दुसरी डॉक्टर सोरेन्सन. चाळिशीही न गाठलेली, बोटं लांब. तिने कागदावर चित्र काढलं. “मिस व्हर्लीन, ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. लिफ्टमध्ये, म्हणजे छाती उचलताना, मी कातडी घट्ट करते. इम्प्लांट तीच कातडी आतून ताणतं. म्हणून एकत्र करताना जपावं लागतं.”

“ते मला नका सांगू. कापड आधी कापता की भरण आधी घालता?”

डॉक्टरने कागद बाजूला सारला. “भरण आधी. मग कातडी नुसती चिमटीत धरून तात्पुरत्या पिना मारते. तुम्हाला झोपेतच टेबलावर बसतं करते, पायाशी उभी राहून दोन्ही बाजू बघते. पटलं तरच कापते.”

“शिवण?”

“एक स्तनाग्राभोवतीने, एक खाली उतरती आणि एक घडीत लपलेली. दिसतील, पण वर्षभरात फिकट होतील.”

“शिवण खालीच असावी,” व्हर्लीनने पर्स परत मांडीवर ठेवली. “तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात?”

सगळं जमत आलं आणि मापावर अडलं. दवाखान्याची रीत अशी, की पातळ मोज्यात कच्चे तांदूळ मोजून भरायचे, ते आतल्या कपड्यात ठेवून आठवडाभर वावरायचं आणि जे माप मानवेल ते येऊन सांगायचं. व्हर्लीनने मोजपट्टी लावून आयुष्य काढलेलं, पण स्वतःची पाळी आल्यावर तिचं डोकं फिरलं. तिने प्रत्येक बाजूला दोन-दोन कप तांदूळ भरले.

“अगं, एवढ्यात सगळ्या शाळेचं जेवण होईल!” ट्विला म्हणाली.

“सत्तावन्न वर्षं वाट बघितलीय. थोडंथोडकं कशाला?”

त्या आठवड्यात चर्चच्या बाकांच्या गाद्यांचं काम होतं. चौथ्या बाकाखाली वाकून खिळे उपटताना डावा मोजा उसवला. पाद्र्याची बायको कॉफी घेऊन आली, तेव्हा वेदीपासून दारापर्यंत तांदळाची बारीक रेघ होती.

“अगं बाई, काल कुणाचं लग्न लागलं?”

“लागलं नाही,” व्हर्लीन छातीवर हाताची घडी घट्ट दाबून म्हणाली, “बोलणी चालू आहेत.”

डॉक्टर सोरेन्सनने मात्र दोन कपांना साफ नकार दिला. “एवढं वजन ताज्या शिवणीवर टाकलं तर शिवण रुंदावेल, जखम उघडू शकेल, आणि दोन वर्षांत सगळं पुन्हा खाली येईल. एवढंच मोठं हवं असेल तर दोन ऑपरेशनं. एकात हवं असेल तर सव्वा कप. तुम्ही ठरवा.”

व्हर्लीन दुकानात परतली. कोपऱ्यात एक हिरवा सोफा होता, तिने वडिलांच्या हाताखाली उमेदवारीत भरलेला पहिलाच. वडील नको नको म्हणत असताना तिने तो टरटरून फुगवला होता आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाला मामा बसल्याबरोबर तो मधोमध फाटला होता. लाज म्हणून तो तिने कधी दुरुस्त केला नव्हता आणि टाकलाही नव्हता. त्या शिवणीवरून अंगठा फिरवत तिने फोन लावला.

“सव्वा कप,” ती म्हणाली. “आणि पिना नीट मारा.”

ऑपरेशन झालं. काही दिवस पाठ टेकवून अर्धवट बसूनच झोपायचं, म्हणून व्हर्लीनने स्वतःसाठी आरामखुर्ची आधीच इतकी झकास तयार केली होती, की दवाखान्यातून आणल्यावर ट्विलाच आधी तिच्यात बसून बघायला लागली.

“ऊठ! मला शिवलंय, तुला नाही!”

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना व्हर्लीनने खाली पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही उंच, जवळजवळ गळ्याखाली. दगडासारखे. डावा उजव्यापेक्षा वर. तिने दवाखान्यात फोन केला. “हे असंच असतं, बसायला वेळ लागतो,” नर्स म्हणाली. तासाभराने तिने पुन्हा केला. जेवणानंतर पुन्हा. चौथ्यांदा नंबर फिरवायला घेतला तेव्हा ट्विला दुकानातून आली आणि तिने एक कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं.

“मोठ्याने वाच,” ट्विला म्हणाली.

“माझ्या दुखण्यावर हसतेस?”

“वाच. दोनदा.”

व्हर्लीनने वाचलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायलाही हात पुरता वर जात नव्हता. “ट्विला, मी मुद्दाम पैसे मोडून माझं वाटोळं तर नाही ना करून घेतलं?”

ट्विलाने रुमालाने तिचे डोळे पुसले, शाळेत पोरांची नाकं पुसायची तसे, जरा जोरातच. एवढ्यात फोन वाजला. ऑर्व्हिल टॅकेट. व्हर्लीनने ऑपरेशनच्या आधी भरून दिलेल्या सोफ्याचा आज बारावा दिवस होता.

“सांग तिला, मी कार्ड वाचलंय,” तो ट्विलाला घाबरत घाबरत म्हणत होता. “फक्त एवढंच विचारायचंय...”

“दे इकडे,” व्हर्लीन म्हणाली. ट्विलाने फोन तिच्या कानाशी धरला आणि आता म्हाताऱ्याचं काय होणार म्हणून डोळे मिटले.

“बोल ऑर्व्हिल. काय होतंय?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न तिने त्याला कधी विचारला नव्हता. “टोचत नाही गं. दिसतोय पण छान. फक्त... आपला वाटत नाही.”

“आपला वाटत नाही,” व्हर्लीन म्हणाली. “हो ना. एक बाजू वर वाटते?”

“डावी!”

“डावीच! रात्री जाग आली की हात लावून बघतोस?”

“तुला कसं कळलं?”

पाऊण तास बोलणं चाललं. ट्विलाचा हात भरून आला, मग तिने फोन उशीवर टेकवून ठेवला.

सहाव्या आठवड्याला डॉक्टर सोरेन्सनने मापं घेतली आणि मान डोलावली. दोन्ही खाली उतरून आपापल्या जागी बसले होते, मऊ झाले होते, आणि डाव्या-उजव्याचं भांडण मिटलं होतं. व्हर्लीन आरशात बघून शिवणीवरून बोट फिरवत होती.

“डावीकडे एक टाका जास्त घेतलाय.”

“घेतलाय. तिथे कातडी पातळ होती.”

“मीही घेतला असता,” व्हर्लीन म्हणाली. हे वाक्य तिने आजवर कुठल्याही कारागिराला म्हटलं नव्हतं.

परतताना तिने गाडी ऑर्व्हिलकडे वळवली. अंगात नवा निळा, नीट बसणारा ब्लाउज होता आणि ती जरा जास्तच ताठ चालत होती. ती ऑर्व्हिलच्या सोफ्यावर बसली, जरा उसळून पाहिलं. सोफाही बसला होता.

ऑर्व्हिलने चष्मा वर करून तिला न्याहाळलं. “व्हर्लीन, तुझ्यात काहीतरी वेगळं दिसतंय.”

“असं?” ती आणखी ताठ झाली.

“केस कापलेस ना?”

चांगलं काम म्हणजे काम झालंय हे कुणाला कळताच कामा नये. व्हर्लीनने दीर्घ श्वास घेतला, सव्वा-सव्वा कपासकट, आणि म्हणाली, “हो रे. थोडेसेच.”

घरी आल्यावर तिने छापखान्याला नवी कार्डं सांगितली. मजकूर तोच, फक्त खाली एक ओळ वाढवली: ‘फारच भीती वाटली तर ट्विलाला करावा.’