आत्याची पंधरावी फेरी

माझी आत्या रुग्णालयाच्या कपडे-विभागात चादरी मोजते. गेली सव्वीस वर्षं धुलाईला जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे गाउन तिच्या हाताखालून जातात. मोजण्याची तिला इतकी सवय की आमच्या घरचे जिने चढतानाही तिचे ओठ हलत असतात. लहानपणी मी मुद्दाम मध्ये बडबड करून तिला चुकवायला बघायचे. ती माझ्या पाठीत एक धपाटा घालायची आणि पुढचा आकडा म्हणायची.

वर्षातून तीन दिवस मात्र ती रजा टाकते आणि राष्ट्रीय इनडोअर मैदानी स्पर्धेत फेऱ्या मोजायला जाते. आत्या स्वतः आयुष्यात बससाठीसुद्धा धावलेली नाही. माझे बाबा तरुणपणी धावायचे, त्यांच्या फेऱ्या मोजता मोजता ही त्या लोकांत शिरली. बाबांनी धावणं सोडलं, आत्याचं मोजणं काही सुटलं नाही.

बंद सभागृहातला ट्रॅक लहान, दोनशे मीटरचा. तीन हजार मीटर म्हणजे पंधरा फेऱ्या. पुढचे मागच्यांना गाठतात, सगळी सरमिसळ होते आणि कोणाची कितवी फेरी याचा गोंधळ उडतो. म्हणून प्रत्येक मोजणाऱ्याकडे एकदोन धावपटू दिलेले असतात. आपला धावपटू रेषेवरून गेला की घड्याळातली वेळ आणि त्या फेरीचे सेकंद कागदावर लिहायचे आणि फेऱ्या थोड्या उरल्या की ओरडून सांगायचं. आत्या नवख्यांना दटावून सांगते, "छातीवरचा नंबर बघायचा. चेहरा बघायचा नाही."

यंदा तिनेच चेहरा बघितला. शर्यतीआधी एक उंच, हडकुळी मुलगी तिच्या खुर्चीशी बुटाची नाडी बांधायला वाकली आणि न विचारताच म्हणाली, "काकू, मला पदक वगैरे काही नको. दहा मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आले की प्रशिक्षण केंद्रात घेतात. राहायची, जेवायची सोय होते. नाहीतर पुढच्या महिन्यापासून मामाच्या दुकानात." आत्याने नुसती मान हलवली. पण कागदावर बघते तर तिच्या वाट्याला हीच मुलगी आली होती.

मी वर प्रेक्षकांत होते. मुलगी सुरुवातीलाच मागे पडली आणि तिने कुशीवर हात दाबून धरला. आत्या तिच्याकडे अशी बघत होती, की जणू तिच्याच कुशीत कळ आलीय. त्यानंतर मुलगी सावरली, छान धावली. आत्याने हात उंच करून "शेवटची!" असं ओरडून सांगितलं, तेव्हा मुलीने डोळे मोठे केले आणि जीव खाऊन सुटली. दहा मिनिटं एक सेकंद! तिचे प्रशिक्षक पोट सांभाळत अक्षरशः नाचले.

मी चहा घेऊन खाली गेले. आत्या खुर्चीत बसली होती आणि पेन्सिलीचं टोक कागदावर एकाच जागी टेकवलेलं होतं.

"हे बघ," ती म्हणाली.

मला त्यातलं काय कळणार? पण हे कळायला अक्कल लागत नव्हती. प्रत्येक फेरीला त्रेचाळीस सेकंदांच्या आसपास. चौथ्या ओळीत मात्र एकवीस आणि लगेच पाचवीत बावीस. त्याच निळ्या बनियनमधली, त्याच क्लबची दुसरी मुलगी मध्येच रेषेवरून गेली होती आणि आत्याने तीही हिच्याच नावावर लिहिली होती.

"म्हणजे?"

"म्हणजे पोर चौदाच फेऱ्या धावली. मी थांबवली तिला."

कागदाच्या तळाशी सहीची जागा अजून कोरी होती. समोर ती मुलगी बाकावर बसून फोनवर बोलत होती, हसत होती, बुटातून पाय काढून बोटं हलवत होती. मी हळूच म्हटलं, "आत्या, कोणाच्या लक्षात आलेलं नाही."

आत्याने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. "मलाही तेच वाटतंय," ती म्हणाली. "म्हणून तर उठवत नाहीये."

तिचा चहा गार झाला. मग ती उठली, पण मुख्य पंचांकडे न जाता आधी मुलीकडे गेली आणि तिच्यासमोर कागद धरून सगळं सांगितलं. मुलीचा चेहरा मला बघवेना.

"आता कशाला सांगताय?" ती किंचाळली. "मी आईला फोन केला सुद्धा!"

"परत कर. सांग, मोजणारी बाई चुकली. तू नाही."

"पूर्ण धावले असते तर आत आले असते मी! जमलं असतं मला!"

"आली असतीस. मीच तुझं नुकसान केलं." एवढ्या वर्षांत मी आत्याला रडताना पाहिलं नव्हतं, आणि ती भर सभागृहात, गळ्यात पंचांचं ओळखपत्र घालून रडत होती.

मुख्य पंच हे निवृत्त शाळामास्तर, नियमांना चिकटून राहणारे. त्यांनी कागद दोनदा बघितला. निकालातून मुलीचं नाव गेलं. पण चूक पंचांची, तेव्हा उद्या सकाळी कनिष्ठ गटाच्या तीन हजारमध्ये तिला स्पर्धेबाहेर धावता येईल आणि वेळ अधिकृत नोंदवली जाईल, असं त्यांनी ठरवलं. केंद्रवाल्यांनीही कुरकुर करत मान डोलावली. आत्याने न मागता ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

आदल्या दिवशी जवळजवळ पूर्ण शर्यत धावलेले पाय सकाळी काय धावणार? आत्याला हेच खात होतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशेजारी प्रेक्षकांत बसली, हात मांडीखाली दाबून. शर्यतीला दहा मिनिटं असताना ती मुलगी पायऱ्या चढून वर आली. डोळे सुजलेले होते.

"काकू, खाली चला. माझ्या फेऱ्या तुम्ही मोजा."

"मी? अगं, काल एवढं करून ठेवलं मी!"

"म्हणूनच. आज या अख्ख्या सभागृहात तुम्ही एकट्याच अशा आहात, की ज्या मरतील पण चुकणार नाहीत."

आत्याला हसू आलं की रडू, कळलं नाही. मुख्य पंचांनी नाकावरचा चष्मा सरळ केला आणि सांगितलं, अधिकृत मोजणी दुसरे करतील, बाईंना हवं तर कठड्याशी उभं राहू दे. मीही मागोमाग खाली गेले; माझ्या वहीतलं पान फाडून घेऊन आत्या कठड्याशी उभी राहिली.

आणि ओरडली! रुग्णालयात कुजबुजत बोलणारी माझी आत्या पहिल्या फेरीपासून आकडा असा ओरडत होती, की पलीकडच्या उंच उडीवाल्यांनी वळून बघितलं. नवव्या फेरीला मुलीचे खांदे पडले. बाराव्याला तिची मान एका बाजूला झुकली. "तीन राहिल्या! तीनच!" आत्या कठड्यावर पोटाने लवंडली होती. चौदाव्याला तिने एकच बोट उंच केलं. "एक! अजून एक आहे, बाळा, अजून एक!"

मुलगी रेषा ओलांडून पलीकडे कोसळली. सगळं सभागृह मोठ्या घड्याळाकडे बघत होतं. फक्त आत्या कागदाकडे बघत होती. पेन्सिलीच्या टोकाने वरून खाली एकेक ओळ मोजत गेली, पंधरापर्यंत. मग खालून वर पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वेळ किती झाली गं?"

जमिनीवर उताणी पडलेल्या मुलीनेच धापा टाकत सांगितलं, "दहा अठ्ठेचाळीस, काकू."