पारावर वाचलेली तहान

नाशकाहून देवळ्याला निघालो तेव्हा मोटारीत माझ्या मांडीवर शेजाऱ्याची कांद्याची पिशवी होती आणि पिशवीवर माझ्या कथेची वही. घाटात इंजिन तापलं. सगळे उतरून ढकलू लागले. मी वही सांभाळत आतच बसलो. लेखकाला एवढी सवलत हवीच.

त्या वर्षी नाशकात देवळाच्या दाराशी अस्पृश्यांचा सत्याग्रह चालला होता, आणि आम्ही लेखक महार बायकांच्या हालांवर भराभर गोष्टी लिहीत होतो. माझ्या गोष्टीतली सोनी तहानेनं मरते. नाशकात ती ऐकून दोन वकील रडले होते.

देवळ्याजवळच्या एका खेड्यात पाटलांनी विहिरीशेजारच्या पारावर बैठक मांडली. गूळ-शेंगदाणे झाले. बायकाही हंडे बाजूला ठेवून बसल्या. विहिरीपासून दहा हातांवर एक म्हातारी महारीण रिकामी घागर घेऊन बसली होती. हीसुद्धा आपली कथा ऐकायला आली, या आनंदात मी आवाज चढवला. तासभर वाचलं. सोनी मेली तेव्हा पाटलीणबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"कशी वाटली, आजी?" मी म्हातारीला विचारलं.

"सोनी सुटली म्हनायची, महाराज. माझी सून पहाटे बाळंत झाली. तिला न् लेकराला धुवायला घरात थेंब नाय. हिरीला आमी शिवायचं नाय; 'पानी वाढा माय, वरून घागरीत वता' म्हनून घसा सुकला. पन वाढनाऱ्या समद्या तुमच्या सोनीसाठी रडत व्हत्या."

"तिचं रोजचंच हाय," पाटलीणबाई म्हणाल्या. "घटकाभर थांबली तर काय बिघडलं?" त्यांचे डोळे अजून ओले होते.

मी ताडकन उठलो, उपरणं कमरेला गुंडाळलं आणि स्वतः पोहरा ओढला. सगळा गाव बघत होता; खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. म्हातारीनं घागर पुढं सरकवली. मी ओतू लागलो. निम्मं पाणी मातीत जात होतं.

"पोहरा जरा खाली घ्या, महाराज. सांडतंय."

मी घेतला नाही. अर्धी घागर डोक्यावर घेऊन ती झपझप महारवाड्याकडे गेली.

नाशकात परतल्यापासून हा प्रसंग मी मित्रांना रंगवून सांगतो. दोरानं तळहाताला आलेले फोडही दाखवले. एक तेवढं गाळतो. पोहरा उंच धरा, असं तिथं मला कुणीच म्हटलं नव्हतं.